सागावर रंग, कोपऱ्यात रेघ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी एका स्वयंपाकघराचा फोटो दिला होता. क्रीम रंगाची लाकडी कपाटं, बीडिंगच्या (पॅनेलभोवतीच्या नक्षीदार पट्टीच्या) खाचांत आणि कोपऱ्यांत तपकिरी छटा, जणू साठ-सत्तर वर्षांची आहेत असं वाटावं. या छटेला ग्लेझ म्हणतात. पक्क्या रंगावर पातळ, पारदर्शक रंग लावायचा आणि लगेच पुसून काढायचा, म्हणजे तो फक्त खाचांत उरतो. त्यावर बरीच पत्रं आली. आज त्यांतली चार घेते. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण बहुतेकांचे प्रश्न त्यातच येऊन जातात.

प्रश्न : ताई, आमचा कोथरूडचा फ्लॅट १९९४ सालचा. स्वयंपाकघरातली कपाटं तेव्हा सुतारांनी घरात बसून केली. सागाच्या चौकटी, मधे पॅनेल, वरून पॉलिश. एकूण १४ दारं. आता सगळं काळपट झालंय, गॅसच्या वरची दोन दारं तर हाताला चिकटतात. सुनेला तुमच्या फोटोसारखं क्रीम आणि तपकिरी हवंय. रंगारी म्हणतो, डुको म्हणजे फवाऱ्याचा रंग मारून देतो, दोन दिवसांचं काम. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्या म्हणतात सागाला रंग फासायचा नाही. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी सासूबाईंचं ऐका, मग सुनेचं काम करा. दोन्ही जमतं.

सासूबाईंचा मुद्दा खरा आहे. सागाच्या रेषांत रंग एकदा मुरला की पुढे कुणाला ते लाकूड पुन्हा उघडं करायचं झालं तर जीव जातो. रेषारेषांतून पांढरे ठिपके निघता निघत नाहीत. म्हणून मी सागावर प्रायमरच्या आधी लाखेचे दोन पातळ हात देते. लाख लाकडाची छिद्रं भरते, रंग वरच राहतो. तीस वर्षांनी तुमच्या नातीला साग हवासा वाटला तर रंग काढताना तिला आजच्या या दोन हातांचा उपयोग होईल. सासूबाईंना हे असंच सांगा. माझा अनुभव आहे की लाकूड खाली शाबूत आहे हे कळलं की घरातल्या मोठ्या माणसांचा विरोध निम्मा होतो.

लाख बाजारात तयार मिळते, पण घरी करणं सोपं आहे. १ लिटर स्पिरिटमध्ये साधारण १२५ ग्रॅम चपडी (पातळ पापुद्र्यांची) लाख रात्रभर भिजत ठेवा. बाटली दोन-तीन दिवस न हलवता ठेवली की लाखेतलं मेण तळाशी बसतं. वरचं नितळ तेवढं ओतून घ्या. मेणासकट लावली तर वरचा थर नीट धरत नाही. पुण्यात असाल तर बोहरी आळीत एका फेरीत लाख, स्पिरिट, काचपेपर, ब्रश सगळं मिळून जाईल.

पण लाखेच्या आधी धुणं आहे, आणि सगळं काम त्या धुण्यावर उभं आहे. तीस वर्षांच्या फोडण्या त्या दारांवर बसल्या आहेत. नुसतं घासलं तर काचपेपर ते तेल लाकडात आणखी आत दाबतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाका, कापड घट्ट पिळून पुसा, मग साध्या पाण्याच्या कापडाने दोनदा पुसा. सोडा अंगावर राहिला तर रंगाचे पोपडे निघतात. दारं काढूनच हे करा. काढताना प्रत्येक दाराच्या बिजागरीच्या खाचेत पेन्सिलीने नंबर घाला आणि वर चिकटपट्टी लावा. सुताराने हाताने केलेली दारं दिसायला सारखी असतात, बसायला नसतात. आठव्या जागी नववं दार गेलं की ते कुरकुरतं, आणि नवा रंग कडेने खरवडला जातो.

दारं वाळेपर्यंत बिजागऱ्या चिंच-मिठात घासून घ्या. पितळेच्या असतील तर रंगवू नका. जुन्या वळणाच्या दाराला जुनं पितळ जितकं शोभतं तितकं बाजारातलं नवं 'अँटिक' पितळ शोभत नाही.

आता घासणं. एक गोष्ट आधी तपासा: पॅनेल अखंड सागाचं आहे की प्लायवर सागाचं व्हिनिअर? त्या काळात चौकट सागाची आणि पॅनेल व्हिनिअरचं असं खूप झालं. हा पापुद्रा अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो, जोर लावला तर खालचा प्लाय वर येतो. चौकटीला १२० नंबर चालेल, पॅनेलला १८० पासून सुरू करा आणि २२० वर थांबा. चकाकी जाऊन पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद दिसला की पुरे. पॉलिश पूर्ण काढायची गरज नाही.

घासून झाल्यावर जिथे कोरा साग उघडा पडला असेल तिथे थिनरने भिजवलेल्या कापडाने पुसा आणि तासाभरात लाख मारा. सागात स्वतःचं तेल असतं. ते वर आलं की त्यावरचा ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो. 'रंगच खराब होता' असं म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात. दोष बहुतेक वेळा न पुसलेल्या तेलाचा असतो.

डुकोबद्दल. रंगाऱ्याला माझा नकार कळवा, दोन कारणांनी. एक, डुकोसारखे रंग फवारताना थिनरची वाफ घरभर होते आणि ती पेट घेते. गॅसच्या शेगडीपाशी हे काम मी कुणाला करू देणार नाही. दुसरं माझ्या आईच्या घरातलं. २००३ साली तिच्या कपाटांवर जुना ऑइल पेंट होता, त्यावर मी घाईने थिनरवाला रंग फवारला. पाच मिनिटांत दारांवर सुरकुत्या आल्या, दुधावर साय धरते तशा. थिनरने खालचा रंग फुगवला होता. नंतर अकरा दारं खरवडायला मला तीन आठवडे लागले आणि आई तेवढे दिवस बाहेरच्या खोलीत स्वयंपाक करत होती. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. खाली काय आहे हे कळल्याशिवाय वर काही मारायचं नाही, हे मी तेव्हापासून पाळते. तुम्हीही दाराच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाकून पाहा. दोन-चार मिनिटांत चिकट झालं तर खाली लाखेचं पॉलिश आहे. नाही झालं तर थिनरचा थेंब टाका. त्यानेही काही झालं नाही तर बहुधा मेलामाइनचं पॉलिश आहे. मेलामाइन कडक आणि गुळगुळीत असतं, त्याला जरा जास्त घासावं लागेल.

लाखेवर प्रायमरचा एक हात, खड्डे असतील तिथे लांबी (पुट्टी), पुन्हा २२०, मग क्रीम रंगाचे दोन हात. रंग पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या आणि सॅटिन, म्हणजे मंद चकाकीचा घ्या. हे महत्त्वाचं आहे. मॅट रंगावर ग्लेझ टाकला की तो शाईसारखा शोषला जातो, पुसताच येत नाही, दार मळकट दिसतं. सॅटिनवर तो सरकतो. आणि रंग पाण्याचा, ग्लेझ तेलाचा असं ठेवलं की चूक झाली तरी टर्पेंटाइनच्या कापडाने ग्लेझ सगळा पुसता येतो, खालच्या रंगाला काही होत नाही. मात्र क्रीम रंग चार-पाच दिवस वाळू द्या. हाताला कोरडा लागणं वेगळं आणि वाळणं वेगळं.

क्रीमची छटा दुकानात ठरवू नका. एक छोटी बाटली आणा, प्लायच्या तुकड्यावर मारा आणि तो तुकडा तुमच्याच ओट्यामागे दोन दिवस उभा करा. ट्यूबलाइटखाली क्रीम हिरवट दिसू शकतो, पिवळ्या दिव्याखाली लोण्यासारखा. शिवाय ग्लेझने तो एक छटा गडद होणार आहे, म्हणून मनात असेल त्याहून थोडा फिकाच निवडा.

आता ग्लेझ. दोनदा उकळलेलं जवसाचं तेल, म्हणजे रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते, टर्पेंटाइन आणि साधं व्हार्निश, प्रत्येकी अर्धी वाटी. त्यात चित्रकारांच्या ऑइल कलरची बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ट्यूब बोटाच्या दोन पेरांएवढी. काळा घालू नका. काळ्याने काजळी धरल्यासारखं दिसतं, आणि स्वयंपाकघरात काजळीचा भास कुणालाच नको. एवढं मिश्रण १४ दारांना पुरून उरतं.

एका वेळी एकच दार घ्या. आधी मधलं पॅनेल, मग वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्या, शेवटी दोन्ही उभ्या पट्ट्या. ब्रशने सगळीकडे लावा, कोपऱ्यांत आणि बीडिंगमध्ये ताठ केसांच्या ब्रशने दाबून भरा. दहा मिनिटांच्या आत पुसायला घ्या. जुनं, पुष्कळदा धुतलेलं धोतर किंवा मलमलची साडी सगळ्यात चांगली, तिचे धागे सुटत नाहीत. आडवी पट्टी आडवी पुसा, उभी पट्टी उभी, आणि दोन्ही जिथे जुळतात तिथे कापडाची रेघ सुताराच्या सांध्यावरच तोडा. एवढं केलं तरी काम हातचं, जाणत्याचं वाटतं. कापड भरलं की घडी बदला. मळलेल्या कापडाने पुसलं की तपकिरी रंग परत पसरतो.

किती पुसायचं? लोक इथेच घाबरतात आणि हात आखडता घेतात. मी सांगते, जास्त पुसा. पॅनेलच्या मध्यभागी जवळजवळ काहीच उरू नये, कडेकडे जाताना वाढत जावं, खाचेत भरलेलं असावं. पहिल्या दाराला कमी वाटलं तरी चौदा दारं एकत्र उभी राहिली की ते कमी राहत नाही. कमीच पडलं तर वाळल्यावर दुसरा हात देता येतो.

कडा झिजवायच्या असतील तर त्याबद्दल माझं मत ठाम आहे. हल्ली सगळ्या दारांचे चारही कोपरे काचपेपरने सारखे खरवडतात. असं कुठलंही दार झिजत नाही. माझ्या माहेरच्या वाड्यात भिंतीत फडताळ होतं. त्याचा वरचा कोपरा शेवटपर्यंत नवा होता, कारण तिथे कुणाचा हातच पोहोचत नव्हता. खालची कड केरसुणीने झिजली होती. आणि कडीच्या भोवती तर रंग उडालेला नव्हताच, उलट तळहाताएवढा भाग काळसर, गुळगुळीत झाला होता. आजीचा तेलाचा, हळदीचा हात पन्नास वर्षं तिथेच पडत होता. तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात एक दिवस नुसतं पाहा, कुणाचा हात कुठल्या दाराला कुठे लागतो. डाळी-पिठाच्या डब्यांचं दार दिवसातून वीस वेळा उघडतं, माळ्याजवळचं दार दिवाळीला. सगळ्यांना एकच वय देऊ नका. जिथे झिजायला हवं तिथे लाखेवर, प्रायमरच्या आधीच साधी मेणबत्ती घासा, वाळल्यावर तिथला रंग नखानेही निघतो आणि खालचं तपकिरी हलकंसं डोकावतं. ग्लेझ लावण्याआधी तिथलं मेण टर्पेंटाइनने पुसून घ्या, नाहीतर पुढचे थर तिथे धरणार नाहीत.

ग्लेझ तीन-चार दिवस वाळवा, मग ऑइल बेसचं सॅटिन पीयू (पॉलियुरेथेनचं पारदर्शक व्हार्निश), दोन हात. पांढऱ्यावर ते पिवळं पडतं म्हणून लोक टाळतात, क्रीमवर तो पिवळेपणा खपून जातो. या थराशिवाय ग्लेझ वर्षभरही टिकणार नाही, कारण गॅसजवळची दारं तुम्ही पुसणारच. आणि पुढेही पुसताना काथ्या नको, मऊ कापड आणि भांड्यांच्या साबणाचं पाणी.

एक सूचना कृपा करून विसरू नका. बेलतेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि ढिगात ती उष्णता कोंडून कापड आपोआप पेटतं. आमच्या कार्यशाळेत एका संध्याकाळी कचऱ्याच्या बादलीतून धूर निघाला होता. आम्ही अजून तिथेच होतो म्हणून निभावलं. बोळे उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

एकूण किती दिवस? घरच्या घरी केलं तर तीन आठवडे धरा. दोन दिवसांत हे होत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घर १९८६ सालचं, किचन कॅबिनेट्स ओकची, मधाच्या रंगाची. नवऱ्याने आणि मी मिळून घासून, पाण्याचा प्रायमर मारून ऑफ-व्हाइट रंगवली. तीन आठवड्यांत जागोजागी पिवळसर डाग वर आले. पुन्हा रंगवलं, पुन्हा आले. ग्लेझने ते झाकले जातील का?
– एक वाचक, अमेरिका

उत्तर : झाकले जाणार नाहीत, आणि तसा प्रयत्न करू नका. ग्लेझची छटा तुम्ही ठरवता, डाग स्वतःच्या मर्जीने उगवतात, दोन्ही मिळून दार आजारी दिसेल.

ओकमध्ये टॅनिन, म्हणजे डाग पाडणारं लाकडातलं द्रव्य, भरपूर असतं. पाण्याचा प्रायमर लाकूड ओलं करतो, पाण्यात टॅनिन विरघळतं आणि रंगातून वर येतं. पाण्याचे आणखी दहा हात दिले तरी ते येतच राहील. ते अडवायला लाखेचा प्रायमर लागतो. तुमच्याकडे तो शेलॅक प्रायमर म्हणून कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. आत्ताच्या रंगावर हलका काचपेपर मारून त्याचा एक हात द्या, डाग असतील तिथे दोन. खिडक्या उघड्या ठेवा, वास उग्र असतो. शेलॅक म्हणजे आपली लाखच. जगात ती सर्वांत जास्त आपल्या झारखंडात होते, आणि तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून संस्था आहे. पळस-कुसुमाच्या फांद्यांवर एवढासा किडा ती करतो आणि ती एडिसनच्या ओकचे डाग थांबवते. मला या गोष्टीचा दर वेळी आनंद होतो.

तुम्ही विचारलं नाही तरी दोन गोष्टी सांगते. ओकच्या रेषा खोल असतात. ग्लेझ त्या प्रत्येक रेषेत शिरतो आणि पॅनेलभर तपकिरी केस पसरल्यासारखे दिसतात. काहींना आवडतं. मला नाही. एका दाराच्या मागच्या बाजूला करून पाहा, नको वाटलं तर रेषा भरायची लांबी आधी लावा. दुसरं, हे काम हिवाळ्याच्या शेवटी करा. हीटिंगने घर कोरडं पडलेलं असतं, पॅनेल आकसून खाचेतून बाहेर आलेलं असतं, तेव्हा कडेपर्यंत रंग पोहोचतो. उन्हाळ्यात रंगवलं तर जानेवारीत पॅनेलच्या दोन्ही बाजूंना जुन्या मधाच्या रंगाची उभी रेघ उघडी पडेल. ती फट काही भरून बुजवू मात्र नका. लाकडाला हलायला ती ठेवलेली असते.

प्रश्न : आमच्या ट्रॉल्यांना सनमायका आहे. त्यावर हे होईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सनमायकावर रंग बसवता येतो, पण ग्लेझला खाच लागते, बीडिंग लागतं, कोपरा लागतो. सपाट पृष्ठभागावर तो कुठे थांबणार? खर्च करू नका. फार हौस असेल तर वरची दोन दारं लाकडी चौकटीची करून घ्या आणि त्यांवर करा.

प्रश्न : राजापूरजवळच्या आमच्या घरात आजीचं फणसाच्या लाकडाचं फडताळ आहे. ६०-७० वर्षांचं असेल. हिरव्या ऑइल पेंटचे थरावर थर आहेत, कडांना खालचा निळा दिसतो. मशीनने घासून त्याला अँटिक लुक द्यायचा आहे. पावसाळ्याआधी होईल का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : मशीन लावू नका, ही विनंती आहे. तुम्ही म्हणता त्या वयाच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीचे थर संशयितच धरायचे. कोरडं घासलं की ती धूळ घरभर बसते आणि लहान मुलांच्या पोटात गेली तर त्यांच्या मेंदूला इजा करते. गरम हवेच्या बंदुकीनेही जाळू नका.

आणि त्या फडताळाला अँटिक लुक द्यायचा म्हणजे काय करायचं? हिरव्याखाली निळा, कडेला झिजलेला. वर पुण्याच्या ताईंना मेणबत्ती घासून जे करायला सांगितलं ते तुमच्याकडे आजीच्या हाताने आधीच झालं आहे. ते घासून टाकायचं आणि मग पैसे देऊन तसंच पुन्हा करून घ्यायचं, हे मला बघवणार नाही. सुटे पोपडे असतील तेवढेच पाणी फवारून, ओले ठेवून, पत्र्याने अलगद उचला. निघालेलं कागदात गुंडाळून टाका. ओल्या कापडाने सगळं पुसा, पूर्ण वाळू द्या आणि पीयूचे दोन हात देऊन आहे ते बंद करा. मे महिन्यात आठवड्याभरात होईल. जूनवर ढकलू नका, कोकणातल्या त्या हवेत पीयू वाळायला दिवस घेतं आणि वर धूळ, किडे चिकटतात.

दारं आतून कशी आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. बरेचदा आतल्या बाजूला रंग मारलेलाच नसतो, तिथे फणसाचं मूळचं पिवळं लाकूड आता तांबूस होऊन बसलेलं असतं. तसं असेल तर आतून काहीच लावू नका. दार उघडून दिवसाच्या उजेडात एक फोटो काढून पाठवा, बिजागऱ्या दिसतील असा.